हळदीचा डाग लाल का होतो?

'तुमच्या घरात ॲसिड आहे का हो?' असे कोणी दारात येऊन विचारले, तर बहुतेक गृहिणी दचकून 'छे, छे! लेकराबाळांचे घर आमचे!' असेच उत्तर देतील. एखादी फार तर न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या बाटलीकडे बोट दाखवील. परंतु हीच गृहिणी आत जाऊन स्वयंपाकघराच्या फळीवर नजर टाकील, तर तिला काय दिसेल? चिंचेचा गोळा, आमसुलांची बरणी, लिंबाचे लोणचे, विरजणाचे भांडे, व्हिनेगरची बाटली. सगळी ॲसिडाचीच बिऱ्हाडे! आणि त्यांच्या शेजारी? पापडखाराची पुडी, खाण्याचा सोडा, आजीच्या पानाच्या डब्यातला चुना, कपड्यांचा साबण. ही विरुद्ध पक्षाची मंडळी. एकाच वाड्यात राहून एकमेकांशी कधीही न पटणाऱ्या दोन बिऱ्हाडांप्रमाणे ही दोन कुळे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत.

शाळेत नववी-दहावीला या कुळांची ओळख करून देणारा एक धडा असतो. मुले तो घोकतात. 'आम्ल चवीला आंबट असते व निळा लिटमस तांबडा करते. आम्लारी चवीला तुरट-कडवट, स्पर्शाला बुळबुळीत असते व तांबडा लिटमस निळा करते.' पेपरात एवढे लिहिले की गुण पडतात आणि पेपर झाला की धडा विसरला जातो. मी पुष्कळ वर्षे हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवले. त्या अनुभवावरून सांगतो, घरात इतका उपयोगी पडणारा दुसरा धडा त्या पुस्तकात नाही. म्हणून दिवाळीच्या निमित्ताने, फराळाच्या डब्यांमध्ये नि साफसफाईच्या धांदलीत, तो धडा आपण सगळे मिळून पुन्हा एकदा वाचू या. परीक्षा नाही, घाबरू नका!

साबण लागला की हळद रंग बदलते

पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा थेंब उडतो. पिवळा डाग पडतो. घाईघाईने आपण त्यावर साबण चोळतो आणि काय आश्चर्य! डाग जाण्याऐवजी चांगला तांबडालाल होऊन आपल्याकडे पाहू लागतो. ही मौज पाहिली नाही असे मराठी घर विरळाच. साबण हा अल्कधर्मी, आणि हळदीतले कर्क्युमिन नावाचे पिवळे द्रव्य अल्काच्या संगतीत लाल होते. त्याच लाल डागावर लिंबू पिळा, तो पुन्हा पिवळा! हळद म्हणजे आपल्या मिसळणाच्या डब्यात बसलेला गुप्त हेरच आहे. अल्क आला की ती रंग बदलून सांगते.

आपल्या आज्यांना ही गोष्ट फार जुन्या काळापासून ठाऊक होती. मुरगळलेल्या पायावर लावायचा हळद-चुन्याचा लेप लाल होतो तो यामुळेच. काही घरांत नव्या नवरीवरून ओवाळून टाकायचे लाल पाणीही हळदीत चुना कालवूनच करतात. कपाळीचे कुंकूदेखील मुळात हळदीचेच. हळकुंडांवर टाकणखार आणि लिंबाच्या रसाची प्रक्रिया करून ते लाल करीत. पिवळ्याचे तांबडे करण्याची ही विद्या शेकडो घरांत होती. तिला 'रसायनशास्त्र' मात्र कोणी म्हटले नाही.

युरोपात ते म्हटले रॉबर्ट बॉइल या इंग्रजीत लिहिणाऱ्या आयरिश शास्त्रज्ञाने. रंगांवरील त्याचे पुस्तक १६६४ साली प्रसिद्ध झाले. व्हायोलेटच्या निळ्या फुलांचे सरबत आंबट पदार्थाने तांबडे होते आणि खाराने हिरवे होते, हे त्याने पाहिले आणि त्यावरून पदार्थांची जात ओळखण्याची रीत घालून दिली. शाळेतला लिटमस हा त्याच पठडीतला. तो शैवाकांपासून काढतात. शैवाक म्हणजे काय, असा प्रश्न पडला असेल तर गोड्या मसाल्यातले दगडफूल हाती घ्या. तेही एक शैवाकच. म्हणजे लिटमसाचा एक दूरचा भाऊबंद आपल्या आमटीत रोज उकळत असतो!

'क्षार' शब्दाचा घोटाळा

आता मुलांना जिथे हमखास ठेच लागते तिथे थोडे थांबले पाहिजे. पुस्तकात तीन शब्द येतात. आम्ल, आम्लारी आणि क्षार. 'आम्लारी' हा शब्द मोठा झकास आहे. आम्लाचा अरी, म्हणजे शत्रू, तो आम्लारी. पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारींना अल्क म्हणतात. आणि 'क्षार' म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या संयोगातून जन्मणारा पदार्थ, जसे मीठ.

इथेच गाडी अडते. कारण घरात आपण 'खार' म्हणतो तो पापडखार, टाकणखार, सज्जीखार, नि हे सगळे अल्कधर्मी! आयुर्वेदातला 'क्षार' हाही अल्कच. म्हणजे घरचा क्षार हा पुस्तकातल्या आम्लारीच्या बाजूचा आणि पुस्तकातला क्षार हा मिठाच्या जातीचा. मुलगा गोंधळला तर त्याला 'ढ' म्हणू नका. गोंधळ शब्दांचा आहे, त्याच्या डोक्याचा नाही.

आयुर्वेदाचा विषय निघाला म्हणून सांगतो. सुश्रुतसंहितेत क्षार तयार करण्याच्या विधीवर एक स्वतंत्र अध्याय आहे. वनस्पतींची राख पाण्यात कालवून गाळायची, तिच्यात भाजलेल्या शिंपल्या-शंखांचा चुना घालून ती आटवायची आणि मृदू, मध्यम व तीक्ष्ण असे तीन प्रकारचे क्षार करायचे. तयार क्षार लोखंडी भांड्यात ठेवायचा. राखेतल्या सौम्य खारात चुना घातला की तो दाहक होतो, हे आजचे रसायनशास्त्रही सांगते. मौजेची गोष्ट पुढेच आहे. क्षाराने जाळलेल्या जागी आंबट द्रव वापरावा, त्याने क्षाराची तीक्ष्णता शमते, असेही तिथे सांगितले आहे. आम्ल आणि अल्क एकमेकांना निष्प्रभ करतात, हा पुस्तकातला 'उदासिनीकरणा'चा नियम इतका जुना आहे.

आंबटपणा येतो कुठून?

आंबट पदार्थ आंबट का, या प्रश्नाने मोठमोठ्यांना चकवले. फ्रान्सचा लव्हाझिये हा आधुनिक रसायनशास्त्राचा जनक मानला जातो. त्याची समजूत अशी होती की प्रत्येक आम्लात प्राणवायू असतो आणि आंबटपणा त्याच्यामुळे येतो. म्हणून तर त्याने त्या वायूचे नाव 'ऑक्सिजन', म्हणजे आम्ल उत्पन्न करणारा, असे ठेवले. पुढे १८१० साली इंग्लंडच्या हंफ्री डेव्हीने दाखवून दिले की मिठाच्या तेजाबात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्लात, प्राणवायूचा लवलेशही नाही. त्यात आहेत फक्त हायड्रोजन आणि क्लोरीन. समजूत पडली, पण नाव राहिले ते राहिलेच!

खरा उलगडा केला स्वीडनच्या स्वांट अऱ्हेनियसने. १८८४ साली त्याने उप्साला विद्यापीठात प्रबंध सादर केला. पदार्थ पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युत्भारित कण होतात, असे त्याचे म्हणणे होते. परीक्षकांना ते पटेना. प्रबंध कसाबसा, अगदी खालच्या श्रेणीत उत्तीर्ण झाला. आणि याच कल्पनेसाठी १९०३ साली अऱ्हेनियसला नोबेल पारितोषिक मिळाले! दहावीच्या चाचणीत कमी गुण पडले म्हणून चेहरा पाडून बसलेल्या मुलांना मी ही गोष्ट नेहमी सांगत असे.

अऱ्हेनियसच्या मते पाण्यात हायड्रोजनचे भारित कण, म्हणजे हायड्रोजन आयन, सोडते ते आम्ल. आणि हायड्रॉक्साइड आयन सोडते ते आम्लारी. दोघे एकत्र आले की या दोन आयनांचे मिळून पाणी होते आणि मागे उरतो तो क्षार. हायड्रोक्लोरिक आम्ल कातडी जाळते. कॉस्टिक सोडा त्याहून वाईट. पण दोन्ही नेमक्या प्रमाणात एकत्र आले की उरते काय? पाणी आणि आपले नेहमीचे मीठ. पुढे १९२३ साली ब्रॉन्स्टेड आणि लौरी यांनी ही व्याख्या आणखी व्यापक केली. आपल्या घरगुती कामाला मात्र अऱ्हेनियस पुरेसा आहे.

या एका किल्लीने स्वयंपाकघरातली किती कुलपे उघडतात पाहा. सोड्यात लिंबू पिळले की फसफसते, कारण आम्ल सोड्यातला कार्बन डायऑक्साइड मोकळा करते. ढोकळा फुगतो तो त्याच वायूने. देवाची तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लखलखतात, कारण वर चढलेला काळपट थर चिंचेतल्या आम्लात विरघळतो. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकते त्याचेही कारण तेच. ताकातले आम्ल धातू विरघळवते. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकी आणि पांढरा धूर निघे, तो आठवतो? तापल्यावर नवसागरातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते, ते भांड्याचा पृष्ठभाग स्वच्छ करते आणि मग कथील घट्ट धरते. तूरडाळीत चिंच आधी घातली तर डाळ शिजत नाही आणि सोडा घातला तर लवकर मऊ होते, हेही या दोन कुळांचे भांडणच. मात्र सोड्याने डाळीतले ब-१ जीवनसत्त्व नाश पावते, एवढे घाई करणाऱ्या सुनांनी, आणि मुलांनीसुद्धा, ध्यानात ठेवावे.

एक कोटीवा भाग

आंबट म्हणजे किती आंबट? लिंबू आंबट, दहीही आंबट. पण दोघांत फरक किती, हे जीभ सांगू शकत नाही. त्यासाठी माप हवे. ते माप आले डेन्मार्कमधील एका बिअरच्या कारखान्यातून! कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्याची स्वतःची प्रयोगशाळा होती आणि तिच्या रसायन विभागाचे प्रमुख होते सोरेन सोरेनसन. किण्वन घडवून आणणारी विकरे आंबटपणाच्या बाबतीत फार नाजूक असतात. थोडा फरक पडला की काम बिघडते. तेव्हा आंबटपणा नेमका सांगण्यासाठी त्यांनी १९०९ साली एक मोजपट्टी सुचवली. तिलाच आज जग 'पीएच' म्हणते. मराठीत 'सामू'. या कामात त्यांच्या पत्नी मार्ग्रेट यांचाही हात होता.

माझी एक पुतणी नववीत असताना एकदा वही घेऊन आली नि म्हणाली, "काका, हे माप उलटं का हो? जास्त आंबट तर आकडा कमी! असं कुठं असतं का?"

मी म्हटले, "एक कोटी हा आकडा लिही बघू. एकावर शून्यं किती?"

"सात."

"एक लिटर शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयन किती असतात ठाऊक आहे? एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग. छेदात सात शून्यं, म्हणून शुद्ध पाण्याचा सामू सात. आता समज, लिंबाच्या एक लिटर रसात ते एका ग्रॅमचा शंभरावा भाग आहेत. शंभरात शून्यं किती?"

"दोन! म्हणजे सामू दोन!" तिचे डोळे चमकले. "म्हणजे काका, आपण छेदातली शून्यं मोजतो. शून्यं कमी, तर भाग मोठा."

झाले! लॉगॅरिदम हा शब्द न उच्चारता पोरीला लॉगॅरिदम आला. सामूची पट्टी साधारणपणे ० ते १४ अशी धरतात. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. आणि प्रत्येक पायरी दहापटीची. दूध साधारण ६.६ वर असते. विरजण लागून ते ४.६ पर्यंत उतरले की दही लागते. आकडा दोनानेच उतरला, पण आंबटपणा शंभरपट वाढला! लिंबाचा रस २ ते २.५, व्हिनेगर ३ च्या आतबाहेर, समुद्राचे पाणी ८ च्या थोडे वर, धुण्याच्या सोड्याचे पाणी ११ च्या सुमारास आणि चुन्याची निवळी १२ च्याही वर. शिकेकाईचे पाणी किंचित आम्लधर्मी असते आणि आपली कातडीही तशीच, ५ च्या आसपास. अंगाचा साबण मात्र ९-१० वर. साबणाने न्हाल्यावर कातडी ताणल्यासारखी का वाटते, याचे एक कारण इथे सापडते.

महाराष्ट्रात या पट्टीवरचे एक विलक्षण ठिकाण आहे. ते म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर. उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेल्या या विवरातले पाणी खारट तर आहेच, पण त्याचा सामू वर्षानुवर्षे १० च्या आसपास मोजला गेला आहे. जवळजवळ सोड्याचे पाणीच! काच आणि साबण करण्याचे साहित्य इथे मिळते, अशी नोंद 'ऐने-अकबरी'त आहे. जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि नाना तर्क सुरू झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. माती तर जागोजाग निराळी. कोकणातली जांभ्याची तांबडी जमीन आम्लधर्मी, देशावरची काळी जमीन अल्कधर्मी. काळ्या जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही नि पाने पिवळी पडतात, ते या सामूपायीच.

पित्त, रक्त आणि महागडे पाणी

'आज पित्त झालंय' असे म्हणून कपाळ धरून बसणारी माणसे घरोघर आहेत. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने यकृतातून येणारे पित्त किंचित अल्कधर्मी असते! छातीत जळजळते ते जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने. त्याचा सामू १.५ ते ३.५, म्हणजे कधी कधी लिंबाहूनही तीव्र. जठराला आतून चिकट द्रवाचे अस्तर असते म्हणून ते स्वतःच पचून जात नाही. हे आम्ल घशाकडे उसळले की जळजळ होते. मग आपण सोडा घेतो, आम्ल शमते, कार्बन डायऑक्साइडचा ढेकर येतो आणि बरे वाटते. कधीमधी ठीक. पण रोजच सोडा लागत असेल तर डॉक्टरांकडे गेलेले बरे. ढेकर म्हणजे निदान नव्हे.

अलीकडे मात्र एक नवीनच खूळ निघाले आहे. 'अल्कलाइन पाणी प्या, रक्त अल्कधर्मी करा, रोग पळवा' म्हणून महागड्या बाटल्या नि यंत्रे विकली जातात. वाचकहो, नववीचा धडा नीट आठवा. ते पाणी पहिल्यांदा पडते कुठे? जठरातल्या त्या तीव्र आम्लात! तिथेच त्याचा अल्कपणा बहुतेक संपतो. आणि रक्त? निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्टीत असतो. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून, मूत्रपिंडे जास्तीचे आम्ल गाळून आणि रक्तातले बायकार्बोनेट मध्यस्थी करून तो तिथे राखतात. तो ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला तर जीवावरच बेतते. बाटलीभर पाण्याने तो हलला असता, तर वाटीभर आमसुलाचे सार पिऊन माणसे दवाखान्यात गेली असती. असल्या पाण्याने कर्करोग बरा होतो असे कोणी सांगू लागला, तर त्याला आधार नाही हे ठामपणे ओळखा. अशा भरवशावर राहून उपचार लांबवले तर पैसे जातातच, पण वेळही जातो; आणि त्या दुखण्यात वेळ फार मोलाचा असतो.

फराळाच्या दिवसांत दातांकडेही थोडे पाहावे. दातावरचे कवच सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की विरघळू लागते. गोड खाल्ले की तोंडातले जंतू काही मिनिटांतच साखरेचे आम्ल करतात, आणि लाळेला ते शमवून पुन्हा पूर्ववत् करायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून एका बैठकीत दोन लाडू खाणारा मुलगा, दिवसभर येता-जाता शंकरपाळे तोंडात टाकणाऱ्या मुलापेक्षा दातांच्या बाबतीत शहाणा! खाऊन झाल्यावर खळखळून चूळ भरावी, हा आजीचा दंडक रसायनशास्त्राला पूर्ण मान्य आहे.

न्हाणीघरातला वायू

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहावासा वाटला, ती सांगतो. काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीआधीची साफसफाई. आमच्या शेजारच्या वहिनींनी संडास-न्हाणीघर घासायला काढले. आधी त्यांनी फरशीवर ॲसिड ओतले. डाग हटेनात. तेव्हा डब्यातली ब्लीचिंग पावडर त्यावर भुरभुरली. शिंतोडे बाहेर उडू नयेत म्हणून दार लोटलेले, झरोका बंद. दोन मिनिटांत आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. दहावीतला मुलगा धावला, दार ढकलले तो हिरवट-पिवळ्या वायूचा उग्र भपकारा! आम्ही ओरडा ऐकून पोचलो. वहिनींना ओढून गॅलरीत आणले. डोळ्यांतून पाणी, श्वास लागेना. रात्रभर इस्पितळात प्राणवायूवर ठेवावे लागले तेव्हा धोका टळला.

बऱ्या होऊन आल्यावर त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, दोन्ही साफ करणारीच ना? म्हटलं, दोन्ही मिळून दुप्पट साफ करतील."

ही समजूत अगदी स्वाभाविक आहे. धोका आहे तो इथेच. ब्लीचिंग पावडर अल्कधर्मी असते तोवर आपला क्लोरीन धरून ठेवते. तिच्यात आम्ल पडले की ती तो सोडून देते. २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर जो विषारी वायू सोडला, तो हाच क्लोरीन. हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो. आणि ओणवे बसून फरशी घासणाऱ्या बाईचे नाक नेमके तिथेच असते.

तिच्या मुलाचे वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही. त्याच महिन्यात चाचणीत त्याने ब्लीचिंग पावडर आणि आम्लाचे समीकरण बिनचूक लिहिले होते. तो म्हणाला, "काका, समीकरण मला येत होतं हो. पण ते आमच्या मोरीतलं आहे, हे कुठं ठाऊक होतं!"

त्याच्या शिक्षकांचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. पण तेव्हापासून मी भेटेल त्याला पुढील गोष्टी सांगत असतो. गृहिणींनी त्या घरकाम करणाऱ्या बाईंनाही अवश्य सांगाव्यात, कारण बहुधा बाटली त्यांच्याच हाती असते.

साफसफाईची दोन द्रव्ये कधीही एकत्र करू नका. विशेषतः ॲसिड आणि ब्लीच. अमोनियाचा द्रवही ब्लीचमध्ये घालू नये. त्यानेही विषारी वायू होतो. एक वापरून झाले की भरपूर पाण्याने धुऊन मगच दुसरे. दारे-खिडक्या उघड्या असाव्यात. ॲसिड पातळ करायचे तर पाण्यात हळूहळू ॲसिड घालावे. ॲसिडात पाणी ओतू नये, उष्णतेने ते उसळून अंगावर येते. शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा, संगमरवर यांवर ॲसिड घालू नये. हे दगड चुनखडीच्या कुळातले. आम्लाने फसफसून झिजतात. कडप्प्यावर कापलेले लिंबू ठेवले तरी डाग पडतो, हे आपण पाहतोच. आणि शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड किंवा कॉस्टिक सोड्याचे पाणी कधीही भरून ठेवू नये. तहानलेले मूल लेबल वाचत नाही.

अपघात झालाच तर? डोळ्यांत किंवा अंगावर उडाले तर लगेच वाहत्या पाण्याने निदान वीस मिनिटे धुवावे आणि डॉक्टर गाठावा. 'आम्लावर अल्क घालू' हा पुस्तकी शहाणपणा इथे करू नये. त्या मीलनातून उष्णता निघते, जखम वाढते आणि वेळ जातो. आम्ल किंवा कॉस्टिक पोटात गेले असेल तर ओकारी मुळीच काढू नये. जाताना घसा जाळलेले द्रव्य येताना पुन्हा जाळते. तोंड धुवावे आणि थेट इस्पितळ. बाटली बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना द्रव्य कळते.

सुट्टीतला एक खेळ

एवढे सांगून मुलांना घाबरवून ठेवावे अशी माझी इच्छा नाही. उलट, दिवाळीच्या सुट्टीत त्यांना एक खेळ करून दाखवा. कुंपणावरच्या निळ्या गोकर्णाची दहा-बारा फुले वाटीभर गरम पाण्यात टाका. पाणी सुरेख निळे होईल. ते चार काचेच्या पेल्यांत ओता. एकात लिंबू पिळा, तो जांभळा-गुलाबी होईल. दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. तिसऱ्यात मोठ्या माणसाने चुन्याची थोडी निवळी घालावी. रंग हिरवटाकडे झुकेल. चौथा तसाच ठेवा, तुलनेसाठी. गोकर्ण नसेल तर तांबडी जास्वंद चालते. ती आम्लात गडद गुलाबी नि अल्कात हिरवी होते. मग घरातले पदार्थ एकेक करून तपासू द्या. ताक, चिंचेचे पाणी, रांगोळीची पूड, शिकेकाई, साबणाचे पाणी. प्रत्येकाचा रंग वहीत लिहायला सांगा. न्हाणीघरातली बाटली मात्र खेळातून वगळा, आणि ती का वगळली, ते मुलांनाच विचारा.

उत्तर बरोबर आले तर धडा झाला. लाडू द्यायला हरकत नाही. मात्र नंतर चूळ भरायला लावा!